लाल खांब कोणत्या हाताला

"ही म्हणे कॉफी," तौनो स्वतःशीच पुटपुटला. "किटली विसळून ते पाणी पुढं केलंय."

स्वतःशीच, असं आपलं म्हणायचं. कुइक्का नावाच्या त्यांच्या बोटीची केबिन इतकी चिंचोळी, की एकाने जांभई दिली तर दुसऱ्याने मान वळवावी. हिल्क्काने ऐकलं. हातातला धुतलेला कप तिने पुन्हा एकदा पुसला आणि फळीवर जरा आवाज होईल असा ठेवला.

कॉफी पातळ झाली होती, हे खोटं नव्हतं. दुसरा चमचा डब्यात घालताना तिची नजर खिडकीबाहेर गेली होती. बोट नको तितकी डावीकडे कलत चालली होती. "अगबाई, त्या हिरव्या खांबावर कुरव बसलाय बघ, तिथं डावीकडं, अगदी जवळ," असं ती गप्पांच्या सुरात म्हणाली. बोट सावकाश सरळ झाली. दुसरा चमचा मात्र डब्यातच राहिला. आता हे कारण सांगायचं कसं? कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. म्हणून तिने विणकाम उचललं आणि मागच्या बाकावर, बोटीच्या नाकाकडे पाठ करून जाऊन बसली.

हिल्क्काचा अबोला माहेरून आलेला होता. तिची आई एकदा अख्खा बेरींचा हंगाम तिच्या वडिलांशी बोलली नव्हती. बेरी वेचून झाल्या, मुरंबे झाले, बरण्या तळघरात गेल्या, आणि मग एक दिवस ती "मीठ दे" म्हणाली. त्यांच्याकडे याला भांडण म्हणत नाहीत. आभाळ भरून आल्यासारखं ते येतं, ओसरतं. तौनोलाही त्याची सवय होती. तोही अशा वेळी शीळ घालत आपलं काम करत राही.

पण या उन्हाळ्यात त्या बोटीला अबोला परवडणारा नव्हता.

तौनोने उभं आयुष्य बस चालवली होती. सुओलाहतीच्या आसपासच्या साऱ्या वाड्यावस्त्यांवरची माणसं त्याने शाळेला, दवाखान्याला, लग्नाला आणि दफनाला पोचवली होती. वसंतात बर्फ वितळल्यावर तो एकदा म्हणाला, गाडी चालवण्यात आता मजा राहिली नाही, मी आपला चालत जात जाईन. हिल्क्काने गाडीची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. पुढे दोघंही त्यावर बोलले नाहीत. तो पेपर हातात घेऊन बसे आणि पान मात्र उलटत नसे. ती स्वयंपाकघरातून बातम्या मोठ्याने वाचायला लागली, जणू तिलाच अचानक राजकारणाची गोडी लागली होती.

मुलगी, मारित, दूर लाहती शहरात राहायची. दर उन्हाळ्यात हे दोघं कालव्यांतून, तळ्यांतून बोटीने तिच्याकडे जात आणि तसेच परत येत. यंदा ती रोज संध्याकाळी फोन करून हवेची चौकशी करी, जेवणाची करी, डासांचीसुद्धा करी. मग मागून जावयाचा आवाज येई: येताना कशाला दगदग करता, मी ट्रेलरवर घालून बोट घरी आणून सोडतो. भला माणूस होता. पण एकदा ट्रेलरवर चढलेली बोट अंगणात ताडपत्रीखाली जाते, आणि ताडपत्रीखालची बोट शरद ऋतू आला की विकली जाते, हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून तौनो डोळ्यांचं बोलत नव्हता आणि हिल्क्काही बोलत नव्हती. तो शब्द कुणी उच्चारला, की पाठोपाठ ट्रेलर येणार.

त्याऐवजी ती पक्षी बघत होती. एवढी पक्षीवेडी ती जन्मात झाली नव्हती. लाल खांबावर पाणकावळा, हिरव्यापाशी बदकाची पिल्लं. बोटींना वाट दाखवणाऱ्या प्रत्येक तरत्या खांबावर तिला कुणी ना कुणी दिसे, आणि तो कुठल्या हाताला, तेही ती सांगे. पाणी भरून-सोडून बोट वरखाली करणाऱ्या कालव्याच्या बंदिस्त टाक्यांशी वेगळीच तऱ्हा. तिथे पाण्यावर दोर लोंबत असतो. बोट जवळ नेऊन तो ओढला की पुढचे दरवाजे आपोआप उघडतात. काल तौनोने बोट दोरापासून चांगली हातभर लांबून नेली. दोनदा. तिसऱ्या खेपेला हिल्क्का बोटीच्या नाकावर पालथी पडून लोंबकळली, दोर पकडला आणि उठून गुडघे झाडत म्हणाली, "माझेच मेले हात आखूड." तौनोने टोपी काढून पुन्हा घातली.

आणि आज पाइयान्ने तळ्याच्या रुंद पाण्यावर ती गप्प बसून विणत होती.

ऊन पाण्यावर चमचमत होतं. तौनोने वेग कमी केला. मग आणखी कमी केला. दोनदा घसा खाकरला. एकदा म्हणाला, "पक्षी नाहीत वाटतं आज." हिल्क्काने टाके मोजले. तिची बोटं सुयांवर होती, पण कुइक्का जराशी वळली की तिचं मनगट आपसूक उलट बाजूला वळे. मागे सरकणाऱ्या किनाऱ्यावर तिला एक लाकडी धक्का दिसला. तिथे एक बाई चिंध्यांच्या सतरंज्या घासत होती. बाईचा ब्रश थांबला. ती उठून उभी राहिली, एक हात कपाळावर धरला आणि दुसऱ्याने ब्रश हवेत हलवू लागली.

हिल्क्काने वळून पाहिलं. लाल खांब भलत्याच हाताला होता.

"तौनो—"

खालून खर्र असा आवाज आला. बोट एकदा उचलली गेली, आणि थांबली. लोकरीचा गुंडा घरंगळत त्याच्या पायाशी जाऊन पडला.

तौनोने इंजिन बंद केलं. दोन्ही हात सुकाणूच्या चाकावर तसेच होते. हिल्क्का आत गेली, फळ्या उचलून तळ हाताने चाचपला. कोरडा होता. ती चाकाशी आली, तेव्हा तो न सांगता बाजूला झाला. तिने इंजिन चालू केलं, उलटा वेग अगदी हळू दिला, मान मागे वळवून पाण्याचा रंग पाहिला, थांबली, पुन्हा थोडा दिला. खडक सोडून बोट अशी अलगद निघाली जणू गोठ्यातून वासरू बाहेर काढावं. मग तिने ती धक्क्याकडे वळवली. बोटीचा पाण्यातला पंखा तपासायला हवा होता.

धक्क्यावरच्या बाईने दोर झेलला. सत्तरीची असावी, बाह्या कोपरापर्यंत वर, अंगाला पाइनच्या साबणाचा वास. तिने वाकून पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाली की एका पात्याचा टवका उडालाय, बाकी ठीक आहे, जाल तुम्ही. मग सरळ उभी राहिली.

"तो लाल खांब काय आम्ही शोभेला लावलाय? चाकावर कोण होतं?"

"मी," हिल्क्का म्हणाली.

"तरीच."

"विणकामात होते. लक्षच नव्हतं."

बाईने आधी तिच्याकडे, मग तौनोकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर खलाशी टोपी होती आणि तो ताठ उभा होता. "नवऱ्याच्या हातात दे, बाई," ती म्हणाली. "टाके घालत का बोट चालवतात? हा बघ, जाणता माणूस दिसतो."

हिल्क्काने मान डोलावली. खालमानेने हसली. सतरंज्यांची वीण छान आहे, ही निळी पट्टी जुन्या शर्टांची का, असं तिने विचारलं. बाई सांगायला लागली, की शर्ट तिच्या कैलासवासी नवऱ्याचे. माणूस गेला, पण कपडा भारी चिवट.

तौनो एवढा वेळ खाली बसून दोर बांधत होता. त्याचं तोंड पाण्याकडे होतं. दोराने बोटांखालीच खुंटीला वेढा घेतला, गाठ पडली, कुणी ओढून पाहिली तरी सुटू नये इतकी घट्ट. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"ती नव्हती," तो म्हणाला. "चाकावर मी होतो."

बाई थांबली. साबणाचा फेस फळ्यांमधून पाण्यात ठिबकत होता. हिल्क्का त्या निळ्या पट्टीकडेच बघत राहिली.

"मला समोरचं दिसत नाही," तौनो म्हणाला. "कडेचं दिसतं, मधलं सगळं पुसल्यासारखं. खांब तर दिसतच नाहीत. इथवर सगळी वाट हिनं सांगितली, पक्ष्यांचं निमित्त करून. आज मी कॉफीवरून बोललो, म्हणून गप्प बसली."

बाईने ब्रश बादलीत टाकला. तौनो हिल्क्काकडे वळला. तिच्या चेहऱ्याकडे नाही, जराशा कडेला बघत, म्हणजे ती त्याला दिसेल.

"लाहतीपर्यंत चाक तू धर," तो म्हणाला. "दोर मला हातांनी कळतात. आणि येतानाही तूच."