पहिल्या पावलाचा मान

इंग्लंडातल्या डरहमच्या रेल्वेपुलाखालच्या त्या गल्लीत एकतीस घरं, त्यांतली तीस विद्यार्थ्यांची. एकतिसावं डॉटी हेपलचं. भिंतीला भिंत लागलेली, त्यामुळे शेजारच्या पोरीचं प्रेम जमलं की मोडलं, हे पोरीच्या आईच्या आधी डॉटीला कळायचं. फुटपाथवर पिझ्झाची खोकी, भलत्याच दिवशी बाहेर काढलेले कचऱ्याचे डबे, ढणढणती गाणी. डॉटी सकाळी दार उघडून सगळ्यांना झाडायची आणि दुपारी त्यांनाच केक नेऊन द्यायची. मुलगी लॉर्ना दर रविवारी विचारायची, आई, तू इथे राहतेस तरी कशी? डॉटी म्हणायची, मजेत राहते. आणि ते अगदी खरं होतं. बहात्तराव्या वर्षी दर ऑक्टोबरात नवी कोरी शेजारपाजारची पोरं कुणाच्या वाट्याला येतात?

पंचाईत एकच. नाताळ आला की सगळी आपापल्या गावी पळायची आणि गल्ली ओस पडायची. नेमकं तेव्हाच डॉटीला एका डोक्याची गरज होती. काळ्या केसांच्या.

तिकडची जुनी रीत अशी, की नव्या वर्षात घराचा उंबरठा सगळ्यांत आधी ओलांडायचा तो काळ्या केसांच्या पुरुषानं, हातात कोळसा घेऊन, नाहीतर वर्षभर घरावर संकट. बाई नको, आणि लाल केसांचं माणूस तर मुळीच नको. तोवर घरातल्यांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही. डॉटीचा नवरा स्टॅन खाणीत कामाला होता, केस कोळशासारखेच काळे. जुनं वर्ष संपण्याआधीच तो बाहेर जाऊन थांबायचा, म्हणून चाळीस वर्षं हा मान घरातच राहिला. गेल्या वर्षी तो तापानं अंथरुणात पडला, आणि एक जानेवारीच्या सकाळी जावई त्याची विचारपूस करायला सरळ आत आला. जावई म्हणजे कॉलिन, गाजरासारख्या लाल केसांचा. तेव्हा सगळे हसले. मार्चमध्ये स्टॅनचं हृदय बंद पडलं.

डॉटीनं कॉलिनला कधी चकार शब्दानं बोलून दाखवलं नाही. पण मनातून ते जाईना. आणि यंदा तर लॉर्नाला सातवा महिना, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. ती आणि कॉलिन एक जानेवारीला दुपारी बारा वाजता जेवायला यायचे होते. त्याआधी काळं डोकं घरात यायलाच हवं होतं.

क्लबातल्या नॉर्मननं सकाळी नऊला येतो म्हणून शब्द दिला होता. साडेआठला त्याचा फोन आला, कंबर धरलीय, पलंगावरून उठवत नाही. झालं! डॉटी खिडकीत खुर्ची टाकून बसली. पायरीवर कोळशाचा खडा ठेवलेलाच होता. अडीच तासात गल्लीतून एक कुत्रा गेला आणि त्याच्यामागे एक सोनेरी केसांची बाई.

अकराला समोरच्या घरातला लेफ्तेरिस दूध घेऊन परतताना दिसला. सायप्रसचा पोरगा, प्रबंध अडला म्हणून घरी न गेलेला. ऑक्टोबरात त्याच्या डोक्यावर काळ्या कुरळ्या केसांचं रान होतं. डॉटीनं खिडकी वर ढकलली आणि त्याला हाक मारून सगळं सांगितलं. लेफ्तेरिसनं कोळसा उचलला आणि अदबीनं लोकरीची टोपी काढली. डोकं तुळतुळीत. होड्यांच्या शर्यतीत पैज हरल्यावर त्यांच्या अख्ख्या चमूनं भादरून घेतलं होतं.

"भुवया काळ्या आहेत की, मिसेस हेपल," तो म्हणाला.

डॉटी विचारात पडली. केस आत आहेत, नुसते वर आलेले नाहीत, असं म्हणता येईल का? स्टॅन असता तर त्यानं सांगितलं असतं. तिनं पोराला तसंच थंडीत उभं केलं आणि भुवया निरखून पाहिल्या. चला, भुवया तर भुवया, असं ती ठरवतच होती, तेवढ्यात कॉलिनची गाडी येऊन थांबली. चांगला पाऊण तास आधी.

लॉर्ना पोट सावरत उतरली. तिला ताबडतोब बाथरूमला जायचं होतं.

"नऊ वर्षं थांबलीस, आता दोन मिनिटं थांब," डॉटी खिडकीतून म्हणाली.

मग कॉलिन उतरला. त्यानं टोपी काढली, आणि डॉटीचं तोंड उघडंच राहिलं. केस काळे कुळकुळीत. केसच काय, कानही काळे, आणि कपाळावरून एक काळा ओघळ भुवईपर्यंत आलेला.

"काल घरीच लावला रंग," तो खाली बघत म्हणाला. "चालतं की नाही, माहीत नाही. गेल्या वर्षी मी आत आलो आणि... तुम्ही कधी बोलला नाहीत, आई. बोलला असतात तर बरं झालं असतं."

डॉटीला भडभडून आलं. वर्षभर दर रविवारी तिनं हसून त्याच्या ताटात बटाटे वाढले होते, आणि त्याला सगळं कळत होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं जाऊन दार सताड उघडलं.

"स्टॅन त्याच्या हृदयानं गेला, कॉलिन. तुझ्या केसांनी नाही. हे मी मार्चमध्येच म्हणायला हवं होतं. लाल केसांनी आला असतास तरी आज तुलाच घेतलं असतं. घे तो कोळसा त्याच्याकडून."

कॉलिन कोळसा घेऊन आत आला. त्याच्यामागून लॉर्ना जी धावली ती थेट जिन्यावर. डॉटीनं जावयाला घट्ट मिठी मारली, तिचा पांढरा ब्लाऊज वाया गेला. लेफ्तेरिस अजून पायरीवरच होता, भुवया लागणार आहेत की जाऊ, म्हणून विचारत. डॉटी म्हणाली, आत ये मुकाट्यानं, डुकराचं मांस आणि वाटाण्याचं पुडिंग चौघांना पुरून उरेल.

मार्चमध्ये लॉर्नाला मुलगी झाली. डोक्यावर तान्हेपणीच बोटभर जावळ, लालभडक. डॉटी फोटो घेऊन तीसही घरांची दारं वाजवून आली, आणि प्रत्येक दारात सांगितलं की पुढच्या एक जानेवारीला माझ्याकडे पहिलं पाऊल हिचं.