वास येतो का बघ

पिशवीवाल्या सिस्टरांची खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, कॉरिडॉर जिथे संपतो तिथे होती. आत एक खाट, एक बेसिन, माणूसभर उंचीचा आरसा आणि पिशव्यांचं कपाट. आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं आणि शौचाची वाट पोटावरून काढून द्यावी लागली, की पेशंट या खोलीत यायचा. पोटावर लावायची पिशवी कशी चिकटवायची, कशी रिकामी करायची, तिच्यासकट कसं जगायचं, हे सिस्टर शिकवायच्या. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपुस्तकाला ठाऊक होतं. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे बाकीचे लोक ज्या आवाजात ‘चहा’ म्हणतात, त्या आवाजात त्या ‘संडास’ म्हणायच्या.

मास्तर त्यांच्याकडे पहिल्यांदा आले ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मास्तर म्हणजे टेलर मास्तर. साठीला टेकलेले, इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेताने बसणारे. आठ महिने शौचावाटे रक्त पडत होतं, पण त्यांनी घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. शेवटी दुकानातच चक्कर येऊन पडले, तेव्हा गुदाशयाचा कॅन्सर निघाला. बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. त्यांना सिस्टर पहिल्या मिनिटापासून वहिनी म्हणू लागल्या.

पोटावर तोंड नेमकं कुठे काढायचं, त्याची खूण आधी करून ठेवायची असते. सिस्टरांनी पेन काढलं.

“पँट कुठे बांधता?”

“बेंबीच्या खाली दोन बोटं. कंबर छत्तीस,” मास्तर म्हणाले. “आता चौतीस झाली असेल.”

सिस्टरांनी त्यांना उभं केलं, बसवलं, वाकवलं आणि डाव्या बाजूला एक फुली मारली. मास्तरांनी मान खाली घालून ती पाहिली.

“बसल्यावर इथे घडी पडते, सिस्टर. अर्धा इंच वर घ्या.”

सिस्टरांनी अर्धा इंच वर घेतलं. त्या घेणारच होत्या, पण बोलल्या नाहीत.

ऑपरेशन चांगलं झालं. पाचव्या दिवशी पिशवी बदलायचं शिकवायला सिस्टर वॉर्डात गेल्या, तर मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले. पोटावर लालभडक, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखं आतड्याचं तोंड होतं. ते बघायला त्यांनी साफ नकार दिला होता. सगळं शिकायचं ते हिने शिकावं, म्हणाले. वहिनींनी पदर खोचला आणि कात्री हातात घेतली. चिकटणाऱ्या चकतीला मधोमध गोल भोक पाडायचं, आतड्याच्या तोंडापेक्षा केसभर मोठं. जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीला मळ लागून ती सोलवटते. वहिनी कापू लागल्या. करकर करकर.

“थांबत थांबत कापतेयस,” भिंतीकडून आवाज आला. “कड दातेरी होणार.”

वहिनी कापत राहिल्या.

“अगं, कात्री नाही फिरवायची, कापड फिरवायचं. चाळीस वर्षं काय बघितलंस दुकानात?”

“हे कापड नाहीये,” वहिनी म्हणाल्या.

“दे इकडे.”

मास्तर वळले. चकती उजेडाला धरून त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने शरमेने मान खाली घालावी. मग ती बाजूला टाकली, दुसरी मागितली आणि सिस्टरांना विचारलं, “माप?”

“माप तुमच्या पोटावर आहे,” सिस्टर म्हणाल्या.

मास्तरांनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि मग पोटाकडे. रंगाबद्दल, आकाराबद्दल काही न बोलता, हे अगदी गोल नाही, एका बाजूला किंचित ओढलंय, एवढंच म्हणाले. त्यांनी कापलेलं भोक इतकं सुबक होतं, की सिस्टरांनी ती चकती नंतर दोन शिकाऊ नर्सना दाखवली. मास्तरांना सांगितलं मात्र नाही. आधीच ते वॉर्डात सगळ्यांच्या कात्र्यांना नावं ठेवत फिरत होते.

घरी सोडताना नेहमीच्या सूचना झाल्या. काय खायचं, पिशवी कितपत भरल्यावर रिकामी करायची. शेवटी मास्तरांनी हळूच विचारलं, “आणि वास?”

“नीट बसलेल्या पिशवीला वास येत नाही. आला, तर कुठेतरी गळतंय असं समजायचं.” एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण सिस्टर पुढे म्हणाल्या, “मात्र तुमच्या नाकावर विश्वास ठेवू नका. या ऑपरेशननंतर पेशंटला नसलेले वास येतात. शंका आली तर वहिनींना विचारा. त्या नाही म्हणाल्या, की नाही.”

“हिचं नाक तिखट आहे,” मास्तर म्हणाले. वहिनी पिशव्यांचे खोके मोजण्यात गुंतल्या होत्या.

पंधरा दिवसांनी मास्तर दाखवायला आले तेव्हा सगळं ठीक होतं. त्यानंतर दोन महिने त्यांचा पत्ता नव्हता. आणि मग एका सकाळी दोघं दारात उभे राहिले. सिस्टरांनी त्यांना आधी नाकाने पाहिलं आणि मग डोळ्यांनी.

मास्तर खाटेवर आडवे झाले. चकतीच्या खालच्या कडेने गळत होतं. तळहाताएवढी कातडी लाल होऊन सोलवटली होती.

“किती दिवस झाले?”

“आग होतेय तीन आठवडे. मला वाटलं, घाम.”

“आणि वास?”

“तो तर मला रोजच यायचा,” मास्तर म्हणाले. “पण तुम्हीच म्हणालात ना, माझ्या नाकाचं ऐकायचं नाही. मी रोज हिला विचारत होतो. वास येतो का बघ. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. ही रोज नाही म्हणाली. म्हटलं, मग माझ्या डोक्यातच काहीतरी बिघडलंय.”

सिस्टरांनी कोमट पाण्याने कातडी पुसायला घेतली. स्वतःच दिलेला सल्ला त्यांना शब्दन् शब्द आठवत होता. इतक्या वर्षांत तो त्यांनी कितीजणांना दिला होता, कोण जाणे.

“वहिनी, तुम्हाला वास येत नव्हता?”

“नाही.”

“आत्ता येतोय?”

बाहेरून जाणाऱ्या वॉर्डबॉयने तेवढ्यात कुणी न सांगता खोलीचं दार ओढून घेतलं. वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं, मग बेसिनकडे. प्रश्नाचं उत्तर तिथे लिहिलेलं असावं तसं.

“थोडासा... नाही,” त्या म्हणाल्या.

सिस्टरांनी हात धुतले. पिशवीत टाकायचे सुगंधी थेंब असतात. बाटली उघडली की अख्खा कॉरिडॉर घमघमतो. त्यातले चार थेंब कापसावर घेऊन त्यांनी तो वहिनींच्या नाकाखाली धरला.

“हे काय आहे?”

वहिनींनी मनापासून हुंगलं. “कापूस.”

मास्तर कोपरावर टेकून अर्धे उठले.

“किती वर्षं?” त्यांनी विचारलं.

“चौदा,” वहिनी म्हणाल्या. “तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. आधी वाटलं, येईल परत. म्हणून बोलले नाही. मग वर्ष झालं. वर्षानंतर कसं सांगायचं, की मागच्या वर्षापासून येत नाही?”

“चौदा वर्षं!” मास्तर म्हणाले. त्यांचा मेंदू मागे मागे जात असलेला दिसत होता. तो एका जागी थांबला. “मी दर वर्षी तुला सेंटची बाटली आणतो.”

“हो.”

“दर वर्षी तू झाकण उघडून म्हणतेस, छान आहे.”

“बाटल्या छान असतात हो,” वहिनी म्हणाल्या.

पोटाची सालटं निघाली, गिऱ्हाइकांत शोभा झाली, याचं मास्तरांना जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं त्या चौदा बाटल्यांचं लागलं. लग्नाच्या बायकोने चौदा वर्षं फसवलं, असं ते म्हणाले. रोज भरवशाने विचारत होतो आणि ही डोळे झाकून नाही म्हणत होती, असंही म्हणाले. आवाज चढला, तसं पोट ताणलं आणि सिस्टरांनी त्यांना पंजाने पुन्हा आडवं केलं.

“तुम्ही मला सांगितलंत?” वहिनी एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त ऐकू आला. “आठ महिने रक्त जात होतं. एका घरात, एका न्हाणीत. मला काय ते डॉक्टरांकडून कळलं. परक्या माणसाने सांगितलं मला.”

मास्तर छताकडे बघू लागले. त्यांचं जे काही असायचं ते छतावरच असायचं.

“रोज विचारायचात, तर काय सांगणार होते? येत नाही म्हटलं की तुमचा चेहरा उजळायचा. दोन घास जास्त खायचात.”

आता बोलणं भाग होतं. “चूक माझी आहे,” सिस्टर म्हणाल्या. “दुसऱ्याच्या नाकावर सोपवायच्या आधी ते नाक चालतं का, हे बघायला हवं होतं. मी बघितलं नाही. आणि आग होत असेल तर वासाची वाट न बघता लगेच यायचं, हेही ठासून सांगायला हवं होतं.” हे त्यांनी कबुली दिल्यासारखं नाही, तर रक्तदाब सांगितल्यासारखं सांगितलं. पण बावीस वर्षांत पेशंटसमोर असं वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच गेलं होतं आणि कान जरा गरम झाले होते.

मग त्या कामाला लागल्या. मास्तरांना शिलाई मशीनवर बसतात तसं स्टुलावर बसवलं. दोन घास जास्त गेल्यामुळे वजन चार किलो वाढलं होतं आणि पुढे वाकलं की चकतीच्या बरोबर खाली नवी घडी पडत होती. ती घडी भरून काढायला त्यांनी चिकट लेपाची वळी लावली, वर फुगीर पाठीची चकती बसवली. सोललेल्या कातडीवर पूड टाकली, जास्तीची झटकली. हे करता करता त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. भूक? ठीक. दुकान? चार तास. झोप?

“बाहेरच्या खोलीत झोपतो,” मास्तर म्हणाले.

“का?”

“का म्हणजे? हिला वास—”

ते थांबले. वहिनी कापसाचा बोळा अजून हातात धरून बसल्या होत्या. सिस्टरांनी चकतीची कड बोटाने दाबून धरली. ऊब लागली की ती पक्की बसते. एक मिनिट दाबायची असते. त्यांनी तीन मिनिटं दाबली.

“अडीच महिने,” वहिनी म्हणाल्या, बोळ्याकडे बघत. “मला वाटलं, पोटाला माझा हात लागेल म्हणून.”

जाताना पिशव्यांचे खोके मास्तरांनी स्वतः उचलले. जड उचलायचं नाही म्हणून सिस्टरांनी ते काढून वहिनींकडे दिले. मास्तरांनी त्यातला सर्वांत लहान परत घेतला.

सिस्टरांनी आणखी एक अट घातली होती. एक चालणारं नाक शोधायचं. दुकानाशेजारी घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ होते, मास्तरांचे वीस वर्षांचे मित्र. त्यांना मास्तरांनी हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं होतं. ते आता निस्तरावं लागलं. मास्तरांनी शर्ट वर करून एकदाचं दाखवलं. घड्याळवाल्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता पाहिलं आणि एक सुटकेचा निःश्वास टाकला.

“गटार नव्हतं म्हणजे,” ते म्हणाले. “मी नगरपालिकेत दोन तक्रारी केल्या. माणसं येऊन गटार उपसून गेली दोनदा.”

“मला का नाही विचारलंस?”

“तुलाही त्रास होत असेल असं वाटलं. तुझ्यासाठीच केली दुसरी तक्रार.”

हे सगळं मास्तरांनी महिन्याभराने सिस्टरांना सांगितलं, जराही न हसता. कातडी भरून आली होती. घड्याळवाले रोज बाराच्या ठोक्याला दुकानात डोकावतात, नाक वर करतात, काही नाही म्हणतात आणि जातात. मास्तरांची तक्रार दुसरीच होती.

“झोप होत नाही, सिस्टर.”

“पिशवीमुळे?”

“हिच्यामुळे. ही घोरते. बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं नाही.”

“मी घोरत नाही,” वहिनी म्हणाल्या.

सिस्टरांनी कागदावर ‘झोप’ या शब्दापुढे ‘सुधारणा’ असं लिहिलं.

मास्तर शर्टाची बटणं लावून, आरशात खांदे बघून बाहेर गेले. वहिनी मागे रेंगाळल्या. नाकाचं काही होतं का हो, त्यांनी विचारलं. सिस्टर म्हणाल्या, इतक्या वर्षांनी सांगता येत नाही, पण कान-नाक-घशाचे डॉक्टर वरच्या मजल्यावर बसतात. दाखवून घ्या. गॅस गळला, काही करपलं, तर कळायला हवं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. वहिनींनी ती वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि आभार मानले.

दर महिन्याला दोघं येत राहिले. वरच्या मजल्यावर वहिनी काही गेल्या नाहीत. दोनदा सिस्टरांनी आठवण केली, दोनदा त्या ‘हो, हो, जाते’ म्हणाल्या. तिसऱ्यांदा सिस्टरांनी आठवण केली नाही. गॅसपाशी धोक्याची घंटा बसवून घ्या, एवढंच सांगितलं. ती मात्र वहिनींनी त्याच आठवड्यात बसवून घेतली.