थरसाहेब वळणाच्या मधोमध

राज्यं बुडतात, भाषा मरतात, माणसं तर मरतातच. मागे उरतो तो फक्त रस्ता. थरसाहेबांचं हे आवडतं वाक्य. प्रत्येक उद्घाटनाला ते म्हणत, आणि बहुतेक ठिकाणी टाळ्या थांबायच्या आत रस्ता खचायला लागलेला असे.

दोष त्यांचा नव्हता. ट्रकांसाठी रस्ते आखण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खाली माती, वर खडी, त्यावर डांबर, अशा थरांनीच ते जगाकडे बघत. थंडीत दोन बनियन घालायचे झाले तरी कुठला आत आणि कुठला बाहेर, याचा आधी विचार होई. नाव पडलं ते त्यावरून. पण चिकण मातीत सिमेंट कालवून केलेला थर पक्का व्हायच्या आत दर वेळी कुणीतरी 'एकदाच जातो हो' म्हणून गाडी घालायचं. एकदा साहेबांचे साहेब, एकदा खुर्च्यांचा टेम्पो, एकदा तर उद्घाटनाचे पाहुणेच.

या खेपेस साहेबांनी फलकच ठोकला: थरावर चाक नाही, पाय नाही, फळी नाही. अपवाद नाही.

गोदामांपुढे ट्रक वळवायला गोल रस्ता होत होता. त्याच्या मधोमध मातीच्या चाचणीची पत्र्याची खोली. गोलाचा शेवटचा तुकडा अजून मोकळा होता, त्यावरून साहेब सकाळी गाडी घेऊन आत आले आणि 'अपवाद का नको' हे फोनवर मुख्य कार्यालयाला समजावत बसले. समजावून बाहेर येतात तो काय, तो तुकडाही कालवून, दाबून, वर ओल धरून ठेवणारा डांबराचा फवारा मारून तयार! चहूकडे चकचकीत काळं. मध्ये खोली, गाडी आणि साहेब.

"अहो, मी आत आहे!" साहेब ओरडले.

"माहीत आहे की," पलीकडून मुकादम म्हणाला. "खिडकीत येऊन विचारलं, थांबू का? तुम्ही हात हलवलात, चालू द्या म्हणून."

"तो फोनवर बोलताना हलवला!"

"आता हातावर कुठं लिहिलेलं असतं, साहेब? आणि पाणी पडलं की सिमेंट कुणासाठी थांबत नाही, हे तुमचंच ना?"

"बरं. बाहेर कसा येऊ?"

"उद्या सकाळी, चालत. गाडी पुढच्या आठवड्यात." मुकादमाने फलकाकडे आदराने पाहिलं. "फळी टाकली असती, पण..."

एरवी हसून सोडून देता आलं असतं. पण गाडीत लेकीचा पासपोर्ट होता. व्हिसाचा शिक्का बसून आलेला तो साहेबांनीच कचेरीतून आणला होता, आणि आज दुपारच्या विमानाने एकुलती एक लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती. काही वर्षं तरी परतायची नव्हती. तिला सोडायलाही साहेबच जाणार होते. मुकाट्याने त्यांनी तिला फोन केला, टॅक्सी करून इकडेच ये म्हणून.

मग खोलीत गेले. बाहेर आले. गाडीभोवती एक फेरी मारली. पुन्हा आत. खोली सकाळपेक्षा लहान झाली होती. सिंहाचं बरं असतं, त्याला पिंजरा दुसरं कुणीतरी बांधून देतं.

लेक आली, कडेला उभी राहिली. "बाबा! हे काय आहे?"

"थर," साहेब म्हणाले.

"ते दिसतंय! पासपोर्ट कुठाय?"

"आहे, आहे. थांब, मीच येतो." साहेबांनी एक पाय थरावर ठेवला. मुकादमाने तोंड फिरवलं. थोरामोठ्यांचं पतन बघू नये, असं त्याचं मत होतं. साहेबांनी पाय उचलला. बूट उचलला गेला नाही.

"मागे व्हा आधी!" लेक ओरडली. "उद्या रस्ता खचला तर जन्मभर मलाच ऐकवाल, तुझ्यापायी खचला म्हणून."

साहेब एका मोज्यावर मागे सरकले. लेकीला जवळ घ्यायचं होतं. मध्ये अंतर होतं दोन ट्रक शेजारी मावतील एवढं, आणि ते ठरवलं होतं त्यांनीच.

"फेका ना बाबा, उशीर होतोय!"

नुसता पासपोर्ट वाऱ्यावर भलतीकडे गेला असता. साहेबांनी खोलीतून मातीच्या नमुन्याची पिशवी आणली, पासपोर्ट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तिच्यात खुपसला, तोंड आवळून बांधलं आणि कधी नव्हे ते देवाचं नाव घेऊन भिरकावली. ती धपकन मुकादमाच्या पायाशी पडली.

लेकीने पासपोर्ट काढून पर्समध्ये टाकला. "गोळ्या वेळेवर घ्या, बाबा!"

"तू नीट जेवत जा!"

ओरडून बोलायच्या गोष्टी नव्हत्या त्या. मुकादमाने खूण करून पलीकडे घरघरणारा रोलर बंद करायला लावला. टॅक्सीच्या दारापाशी लेक थांबली. पिशवी तिने छातीशी धरली होती.

"ही माती मी नेते, बाबा. आपली माती. तुमची आठवण आली की उघडून बघेन."

रोलरवाल्याने डोळ्यांना रुमाल लावला. साहेब एका मोज्यावर थराच्या अगदी कडेपर्यंत आले.

"बाळा," ते म्हणाले, "ती तेवढी मुकादमाकडे दे. उद्या तिची चाचणी आहे."