चेंडू दिला नाही

आमच्या संघाची मला किळस आली ती हरण्यामुळे नव्हे. हरतं कोणीही. पण नेब्रास्काच्या उघड्या माळावरच्या त्या कॉलेजात आम्ही त्या वर्षी एकूण एक सामना हरत आलो होतो आणि दर वेळी कोच स्ट्रोबेलकडे नवं कारण तयार असायचं. कधी वारा, कधी पंच, कधी बसचा प्रवास. नाचता येईना, अंगण वाकडं. लोकही कसले, वाहनतळावर सॉसेज भाजून बियर ढोसायला यायचे आणि मध्यंतरालाच पसार व्हायचे.

खेळ अमेरिकन फुटबॉलचा, मी संघाचा सेंटर. ओणवा होऊन चेंडू दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हातात द्यायचा आणि समोरून येणारा रेडा अंगावर घ्यायचा, एवढंच काम. पण मी चेंडू दिल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. माझ्यामागे चेंडू घ्यायला चार वर्षं उभा राहिला तो कोल्बी हावलिक. बडबड्या, गोड पोरगा.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. का कोण जाणे, आम्ही टिकून होतो. अखेरच्या भागात कोल्बीला दोघांनी मिळून असं आपटलं की तो उठून भलत्याच बाकाकडे चालू लागला. दुखापती बघणाऱ्या ट्रेनर मार्गिटने त्याचं हेल्मेट काढून स्वतःच्या बगलेत मारलं. डोक्याला मार बसला की ही आमच्याकडची रीत. हेल्मेट नाही, तर खेळ नाही.

पुढे दोन मिनिटं उरली. आम्ही चार गुणांनी मागे, गोलरेषा वीस यार्डांवर. मार्गिट एकाचा मोडका गुडघा बघायला वाकली होती. तेवढ्यात कोचने दुसऱ्या कोणाचं तरी हेल्मेट कोल्बीच्या डोक्यावर चढवलं आणि त्याला आत ढकललं.

"कोच, त्याला धड चालता येत नाही," मी ओरडलो.

"तुला डॉक्टरकी कोणी विचारली? वाक आणि चेंडू दे! आज जिंकलो नाही तर माझी नोकरी गेली."

मी वाकलो. हेल्मेट सैल होतं, कोल्बीच्या डोळ्यांवर येत होतं. तो आला आणि माझ्याऐवजी शेजारच्या डेलच्या मागे हात लावून उभा राहिला. प्रेक्षक खदाखदा हसले. डेलही हसला.

"कोल्बी, इकडे. मी इकडे आहे रे."

"हो हो," तो म्हणाला, पण हलला नाही. "आई आली का रे?"

त्याची आई गेल्या वर्षीच वारली होती.

मी चेंडू दिला नाही. चेंडू द्यायची वेळ संपली, शिट्टी वाजली, दंड म्हणून आम्ही पाच यार्ड मागे. पुन्हा वाकलो, पुन्हा दिला नाही. आणखी पाच यार्ड.

"दे ना भडव्या!" डेल खेकसला. "एक तरी जिंकू दे!"

तिसऱ्यांदा मी चेंडू पोटाखाली घेऊन सरळ मांडी घालून बसलो. आख्खं मैदान मला शिव्या घालत होतं. तेव्हा कुठे मार्गिटने मान वर केली, धावत आली आणि कोल्बीचा हात धरून त्याला बाहेर नेलं. राखीव पोराने एकच चेंडू फेकला, तोही समोरच्या संघाच्या हातात. संपलं.

कपडे बदलायच्या खोलीत सगळे माझ्याकडे पाठ करून बसले. अँब्युलन्स यायची होती. कोल्बी बाकावर बसला होता, मार्गिट त्याचे डोळे तपासत होती.

"कोच, जिंकलो ना?" त्याने विचारलं.

"हरलो. या हरामखोरामुळे," कोचने माझ्याकडे बोट दाखवलं.

कोल्बी उठून माझ्या छातीवर बुक्के मारू लागला. रडला. म्हणाला, "तू माझा मित्र नाहीस." मी मार खात उभा राहिलो. मग तो थांबला, बसला, इकडेतिकडे बघत राहिला. जरा वेळाने त्याने हसून मान वर केली.

"कोच, जिंकलो ना?"

डेल भिंतीकडे तोंड करून ओकला. कोचने मार्गिटकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, टोपी नीट केली.

"जिंकलो," तो म्हणाला. "तुझ्यामुळेच."

आणि कोल्बी आनंदाने त्याच्या गळ्यात पडला.