एकतीस वेळा उतू गेलेली कढई

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबलावर लॅपटॉप उघडला आणि बाबांना दोन रेषा दाखवल्या. तांबडी त्यांच्या हाताची, निळी माझ्या प्रोग्रॅमची.

बाबा साबणाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं कढईवर होते. कढई दोन मजले उंच. तळाशी वाफेची नळी, आणि वर लोखंडी फळ्यांवर उभं राहून वाफेच्या झडपेचं चाक फिरवणारा एक माणूस. साबण शिजताना अचानक दुपटीने फुगतो. तो फुगू लागल्यावर झडप बंद करून उपयोग नसतो, आत गेलेली वाफ आपलं काम करतच राहते. बाबा म्हणायचे, फुगायच्या आधी तो गप्प होतो. बुडबुड्यांचा आवाज बसला की ते चाक पाव फेरा मागे घेत. त्यांच्या हातून कढई कधी उतू गेली नाही. ते निवृत्त होण्याआधीचे चार महिने मी त्या चाकावर त्याची प्रत्येक हालचाल नोंदवणारा सेन्सर बसवला होता. "पोरीने झडपेला घड्याळ बांधलंय," असं ते येईल-जाईल त्याला सांगत.

"निळी खाली का?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वाफ कमी लागली. अकरा टक्के."

"म्हणजे बत्तीस वर्षं मी वाफ उधळली."

"थोडीशी," मी म्हणाले आणि हसले.

"आईला सांगू नकोस. चहासुद्धा करू देणार नाही मला."

"ऐकू येतंय," आई आतून म्हणाली. "आणि चहा केलाय कधी तुम्ही?"

बाबा हसले. मग म्हणाले, "हे शिकलं कोणाकडून?"

"कोणाकडून नाही. आपलं आपणच. चुकत चुकत."

"हुशार आहे."

ते तांबड्या रेषेकडे पाहत राहिले. मग बोटाने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत गिरवली. "डाग पडतात हो स्क्रीनवर," मी म्हणाले. त्यांनी बोट काढून घेतलं.

सोमवारी सकाळी फिरायला निघताना ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच एका बाजूला कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी त्यांना जे सांगितलं ते खरं नव्हतं.

माझा प्रोग्रॅम दर क्षणी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आत्ता झडप इतकी उघडली, तर इथून शेवटपर्यंत एकूण किती किंमत पडेल? उत्तर त्याला ठाऊक नसतं. तो अंदाज धरतो, चालवून पाहतो, अंदाज दुरुस्त करतो, मग त्या अंदाजावरून आपला हात, म्हणजे झडप फिरवायची पद्धत, सुधारतो. पुन्हा तेच, शेकडो वेळा. साबणासारख्या बेभरवशाच्या गोष्टीचं गणित एका फटक्यात सुटत नाही, म्हणून ही वाट. पण तिला एक अट आहे. सुरुवात करायला निदान उतू न जाऊ देणारा एक हात लागतो. तो चांगला नसला तरी चालेल, सांभाळणारा हवा. बिघडलेल्या कढईतून प्रोग्रॅम काही शिकत नाही.

तो पहिला हात मी स्वतः बनवायला बसले होते. समीकरणांतून, पुस्तकांतून. संगणकातली कढई एकतीस वेळा उतू गेली. बत्तिसाव्या वेळी मी बाबांच्या चार महिन्यांच्या नोंदी त्यात घातल्या. कढई शांतपणे शिजली. तिथून पुढे सगळं सोपं होतं. दोनशे दुरुस्त्यांत प्रोग्रॅमने पुष्कळ काही बदललं. तो पाव फेरा मात्र त्याने जसाच्या तसा ठेवला.

या कामाच्या अहवालात मी लिहिलं, 'सुरुवातीचे नियंत्रण योग्य ते निवडले.' लोक म्हणाले असते, बापाच्या जिवावर केलंय. मला ते फक्त माझं हवं होतं.

तीन आठवड्यांनी आई आणि मी त्यांचं कपाट आवरायला बसलो. कामावरचे दोन जाड कोट होते, कितीही धुतले तरी साबणाचा वास न गेलेले. आईने एक मांडीवर घेतला आणि बाह्या आत दुमडू लागली.

"त्या रविवारी तू गेल्यावर बराच वेळ गॅलरीत बसले होते," ती म्हणाली. "मी म्हटलं, काय झालं? तर म्हणे, काही नाही, पोरीच्या यंत्राने आपली चूक काढली. हसूनच म्हणाले. पण संध्याकाळी अर्धंच जेवले."

मी रिकामे हँगर एकत्र करू लागले.

"मला त्यातलं काही कळत नाही," आईने कोट खाली ठेवला. "तू सांग. खरंच चुकत होते का गं ते?"

माझ्या हातात त्यांचा दुसरा कोट होता. घडी नीट बसत नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "ते चुकत नव्हते, आई. त्या यंत्राला पहिलं पाऊल टाकायला बाबांनीच शिकवलं. मला ते जमत नव्हतं, मी एकतीस वेळा करून पाहिलं. यंत्र बाबांकडून शिकलं. त्यांनी मला समोर बसून विचारलं होतं, कोणाकडून शिकलं म्हणून. आणि मी म्हणाले, कोणाकडून नाही."