नानासो अजून तयार नाहीत

डोकं फुटायची वेळ आली होती. सुलाबाईनं नानासोंना पुन्हा एकदा चहा दिला, त्यांच्या दारातल्या तुळशीला पाणी घातलं, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली : नानासो अजून तयार नाहीत. की खेळ परत पहिल्यापासून!

"अवो सर, ह्या माणसाला तयार व्हायला काय पंचांग बघावं लागतंय काय?" मी कीबोर्ड ढकलला.

शिवतेज सर सांगलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचे आणि मी तिथं शिकवायची. पोरं घरी गेली की आम्ही दोघं हा खेळ घेऊन बसायचो. लिहायचं त्यांनी, खेळून बघायचं मी. बायको गेलेले नानासो आणि गावात नवीन आलेली मास्तरीण सुलाबाई. खेळणाऱ्यानं सुलाबाई व्हायचं आणि नानासोंचं मन जिंकायचं. सरांची बायको शालनताई जाऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे नानासो कोण ते मला कळत होतं, आणि सुलाबाई कोण ते त्यांनाही कळत असणार. तोंडातनं मात्र शब्द फुटत नव्हता. मला ते मनापासून आवडायचे, म्हणून तर जास्तच राग यायचा.

त्यात आष्ट्याहून दादाचा निरोप : रविवारी महाबळेश्वरचे पाहुणे बघायला येणार, हॉटेल आहे त्यांचं, या खेपेला नाही म्हणायचं नाही. सरांना मी हे सकाळीच सांगितलं होतं. ते "बरं" म्हणाले. बरं!

"घाई करून चालत न्हाई, मॅडम," आता ते मला समजावत होते. "दुःखातला माणूस हाय. दोन कप चहात लग्नाला उभा राहिला तर कुणाला पटंल का?"

"दोन कप? पिंपभर पाजला की! आणि सुलाबाईला दुसरं करता काय येतं? चहा दे, पाणी घाल, हवापाण्याचं बोल. त्यांच्या बायकोबद्दल एक शब्द विचारायची सोय ठेवलीय तुमी? तिचा फोटो भिंतीवरनं काढता येतो तेवढा!"

फोटो म्हटल्यावर त्यांची नजर भिंतीकडं गेली. क्लासच्या भिंतीवरही एक खिळा रिकामाच होता. मी कामाला लागले त्याच आठवड्यात शालनताईंचा फोटो तिथून गेला होता.

"नव्या बाईला जुनीचं नाव कशाला ऐकवायचं?" ते हळूच म्हणाले. "वाईट वाटंल तिला."

"तिला विचारलं का कुणी?" माझा आवाज चढला. "माझ्या आत्याला दुसरेपणावर दिली होती. वारलेल्या पहिलीचा चेहरा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालून ती नांदली. सणाला पहिला घास तिच्या नावानं काढायची. कुणाचं काय बिघडलं? माझ्या गळ्यात घाला की! मी काय नको म्हणतीय?"

बोलून बसले. कान तापले. पण शब्द काही मागं घेणार नव्हते.

सरांनी टेबलाचा खण ओढला. फ्लॉप्यांच्या डबीमागून सोनाराकडची गुलाबी कागदाची पुडी काढली. आत नखाएवढा चांदीचा टाक होता, त्यावर बाईचा चेहरा.

"मागल्या दिवाळीत करून घेतलाय," खाली बघत ते म्हणाले. "पण मेलेल्या बाईला गळ्यात घाल, असं कुणाला कसं म्हणायचं? तुमी निघून गेला असता तर?"

मागल्या दिवाळीत! वर्षभर मी त्या नानासोच्या तुळशीला पाणी घालतेय, आणि हा माणूस पुडी खणात ठेवून बसलाय! रडूही येत होतं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटत होती.

"रविवारच्या आत आष्ट्याला या," मी टाक मुठीत धरला. "दादाला तुमीच सांगायचं. मी न्हाई सांगणार."

"म्हणजे परवा, शनिवारी?" सरांनी मान खाजवली. "जरा लवकर न्हाई का हुणार..."

मी नुसतं पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडं बोट केलं. त्यांनी ते वाक्य वाचलं, बराच वेळ वाचलं. मग खण पुरता ओढून तळातनं त्यांनी शालनताईंचा फोटो बाहेर काढला, सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि खिळ्याला लावला.

"शालन, ही रेश्मा," ते फोटोला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "शनिवारी पहिल्या एस्टीनं येतो."

"या," मी म्हटलं. "पण चहा एकच कप मिळंल."