पायाखालचा ब्रेक

बायको आठवडाभर बस चालवते, म्हणून सुट्टीच्या दिवशी पानगळ बघायला निघालो तेव्हा गाडी मी घेतली. ती शेजारी बसली खरी, पण प्रत्येक वळणावर तिचा पाय रिकाम्या जागी ब्रेक दाबत होता.

"एवढा भरवसा नसेल तर तूच चालव," मी वैतागलो.

"मी कुठे काय बोलले?"

"तोंडाने नाही, पायाने बोलतेस."

तळ्याकाठी गाडी थांबवली, तोवर ती गाढ झोपली होती. समोर झाडं पिवळीधमक. डबा मी एकट्यानेच, घुश्शात संपवला.

वाऱ्याने पानांचा लोट काचेवर आदळला. तिने झोपेतच पाय दाबला आणि माझ्या छातीपुढे हात आडवा धरला.